रेडिएटरचे झाकण

भिवंडीहून मालेगावला निघालेला एक ट्रक कसारा घाट चढत आहे. मे महिन्याचे ऊन आहे आणि ट्रक मालाने भरलेला आहे. अचानक पुढच्या जाळीतून वाफ येऊ लागते. ड्रायव्हर ट्रक बाजूला घेतो. क्लीनर पाण्याचा डबा घेऊन खाली उडी मारतो आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. तेवढ्यात ड्रायव्हर ओरडतो, "अरे, थांब! हात लावू नकोस!"

पाणी तर घालायलाच हवे. मग ड्रायव्हरने त्याला का थांबवले?

इंजिनात इंधन जळते आणि खूप उष्णता निर्माण होते. इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून पाणी फिरत असते. ते ही उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते. तेथे बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने ते थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. आजकाल या पाण्यात कूलंट मिसळतात. आपण येथे साध्या पाण्याचाच विचार करू.

उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. इंजिनातील पाणी असे उकळले, तर त्याची वाफ होईल. वाफ पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. मग इंजिन फारच तापेल. यावरचा उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. प्रेशर कुकर आठवा. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते.

गॅरेजमधल्या उस्तादांना सुटे झाकण दाखवायला सांगा आणि ते उलटे करून पाहा. खाली रबराची चकती आणि तिच्यावर मजबूत स्प्रिंग दिसेल. काही झाकणांवर ०.९ असा आकडा असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅमने वाढेपर्यंत स्प्रिंग चकतीला उचलू देत नाही. एवढ्या दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंशांना उकळते. दाब याहून वाढला, तर चकती उचलली जाते आणि जास्तीचे पाणी नळीतून बाहेर पडते. पुष्कळ गाड्यांत ते शेजारच्या बाटलीत साठते.

चकतीच्या मध्यभागी आणखी एक छोटी झडप असते. मला तर तीच जास्त हुशार वाटते! गाडी थंड झाली की आतले पाणी आकसते आणि दाब कमी होतो. मग ही झडप आतल्या बाजूला उघडते आणि बाटलीतले पाणी परत येते. ती अडकली, तर रबरी नळ्या चिमतात.

आता पुन्हा घाटात या. समजा, आतले पाणी ११५ अंशांचे आहे. केवळ दाबामुळे ते उकळलेले नाही. झाकण काढताच तो दाब नाहीसा होईल आणि पाणी एकाच क्षणी उकळू लागेल. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. ती वाफ उकळत्या पाण्यासह उसळून क्लीनरच्या तोंडावर आणि डोळ्यांत जाईल.

म्हणून ते दोघे सावलीत बसतात. बऱ्याच वेळाने ड्रायव्हर रबरी नळीला हात लावून पाहतो. ती थंड झालेली असते. तरीही तो झाकणावर जाड कापड टाकतो, तोंड दूर ठेवतो आणि झाकण थोडेसेच फिरवतो. "फुस्" असा आवाज येतो. आवाज थांबल्यावर तो झाकण पूर्ण काढतो आणि क्लीनरला म्हणतो, "आता ओत पाणी, पण हळूहळू."

मग ट्रक इगतपुरीच्या दिशेने पुन्हा चढू लागतो.