फोमचं डोकं, बोलका जबडा

पिंगुळीच्या ठाकरांची कळसूत्री बाहुली लाकडाची. तिचा रंगवलेला चेहरा लांबून पाहायचा असतो, म्हणून तो बदलला नाही तरी खेळ रंगतो. टीव्हीचा कॅमेरा मात्र चेहऱ्याला भिडतो, आणि तिथे ताठ तोंड फार वेळ चालत नाही. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनने हे 1955 साली वॉशिंग्टनमध्ये 'सॅम अँड फ्रेंड्स' हा टीव्ही कार्यक्रम करताना ओळखलं. आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन वाट्या यांतून त्याने पहिली 'कर्मिट' बाहुली घडवली. पुढे त्याच्याकडे डॉन साहलिन हा कसबी कारागीर आला. रॉल्फ कुत्रा, बर्ट, अर्नी या बाहुल्या त्याच्या हातच्या. पॉलियुरेथेन फोम हे या मंडळींचं मुख्य साहित्य झालं, कारण तो हलका, दाबला की दबणारा आणि सोडला की फुगणारा. तासन्‌तास हात वर धरून उभं राहणाऱ्या कलाकाराला वजनातला हा फरक खांद्यात कळतो.

डोकं दोन प्रकारे होतं. एक, फोमचा ठोकळा घेऊन विजेच्या सुरीने आणि कात्रीने कोरायचा. दुसरा, शिंप्यासारखा: अर्ध्या इंचाच्या फोमवर कागदी साचा ठेवून पाकळ्या कापायच्या, जिथे गोलाई हवी तिथे त्रिकोणी टक काढायचे आणि कडा जोडायच्या. सपाट तुकडा बघता बघता कवटीसारखा वळतो. कापताना ब्लेड उभं हवं. फोम दाबून कापला की कड तिरकी होते आणि सांध्यावर उंचवटा येतो. चिकटवायचं द्रव्य दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग कडा भिडवायच्या. एकदा भिडल्या की सरकवता येत नाहीत. वाफ उग्र असते, खिडक्या उघड्या हव्यात.

पण माझ्या मते डोक्याचा जीव कवटीत नाही, जबड्यात आहे. जाड पुठ्ठ्याची किंवा रबराच्या शीटची, मध्ये दुमडणारी तोंडाची पाटी बसवतात. वर चार बोटं, खाली अंगठा. पाटी सैल असेल तर हात आत घसरतो आणि शब्द विस्कटतात. माणूस बोलताना खालचा जबडा हलतो, म्हणून अंगठा खाली जायला हवा. नवखा मात्र चार बोटं वर फेकतो आणि बाहुली दर अक्षराला छताकडे बघते. ही सवय मोडायला आरशासमोर बसावं लागतं.

डोळ्यांचंही तसंच. दोन डोळे आणि नाक यांचा त्रिकोण नीट साधला की नजर एका जागी ठरते. साहलिनची या बाबतीतली जाण असामान्य होती. बुबुळं किंचित आत वळवली तर बाहुली आपल्याकडे बघते असं वाटतं, सरळ ठेवली तर शून्यात बघते. म्हणून बुबुळं आधी टाचणीने लावून कॅमेऱ्यातून पाहतात, मगच चिकटवतात. वरचं कापड अँट्रॉन फ्लीसचं, त्याच्या मऊ लवेत शिवण लपते. टाके आतून घट्ट ओढायचे आणि लव सुईने बाहेर काढायची, की जवळून पाहूनही जोड सापडत नाही.

फोमचं एक दुखणं आहे: हवा आणि उजेड त्याला खातात. साधा फोम काही वर्षांत पिवळा पडतो, भुगा होतो. दुसरं दुखणं घामाचं; त्यासाठी पेशींमधले पडदे काढून टाकलेला जाळीदार फोम मिळतो. त्यातून हवा खेळते आणि घामाने ओला झाला तरी लवकर सुकतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजला हेन्सन कुटुंबाने 2013 साली बाहुल्या दिल्या, तेव्हा जुन्या बाहुल्यांच्या डागडुजीचं काम हा त्यातला मोठा भाग ठरला.

बाहुलीकार रामदास पाध्ये यांचा लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला बोलकी बाहुली नवी नाही. शाळेसाठी किंवा नाटकासाठी अशी बाहुली करणार असाल तर गादीवाल्याकडून उरलेला फोम आणा, आणि डोकं कापण्याआधी तोंडाची पाटी करून आपल्या हाताला बसते का ते बघा.