नरनाळ्याला तोंड नाही

अकोटच्या एका वाचकांनी विचारलंय: नरनाळ्याचा डोंगर ज्वालामुखीचा, मग किल्ल्यावर चढून गेलं तरी त्याचं तोंड का सापडत नाही?

कारण ते कधी नव्हतंच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून उसळला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा लोंढा आला. फुजीयामासारखा शंकू इथे शोधू नये.

गंमत म्हणजे वऱ्हाडात तोंड आहे ते लोणारला, आणि तो ज्वालामुखी नाही! सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर भल्याभल्यांना ज्वालामुखीचंच वाटायचं. अमेरिकेचे नामांकित भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या विवराशी लोणारची तुलना केली. तुलना अचूक, पण निदान चुकलं: ॲरिझोनाचं विवर वाफेच्या स्फोटाने झालं, असं त्यांनी ठरवलं. दोन्ही विवरं उल्काघाताचीच निघाली. लोणारच्या तळात बोअर घेऊन, आघाताने काचेसारखा झालेला खनिजांश दाखवून १९७३ मध्ये ज्यांनी हे सिद्ध केलं, त्यांत आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे दुबे आणि बालसुंदरम होते. लोणारला सहली जातात. ही दोन नावं मात्र कुणी घेत नाही.

नरनाळ्याकडे वळू. शहानूरहून चढताना एक चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग टणक असतो, त्याचा कडा उरतो. वरचा भाग ठिसूळ, तो झिजून सपाटी होते. दम लागतो तेव्हा बसायला जागा मिळते ती अशी. या ठिसूळ भागातला दगड हातात घेऊन बघा. अनारशासारखी जाळी पडलेली असते: वायूचे बुडबुडे बाहेर पडण्याआधीच लाव्हा गोठला. काही भोकांत पुढे पाणी झिरपून पांढरी खनिजं भरली.

एवढी उंची मात्र एकट्या लाव्ह्याची नाही. नरनाळा ज्या गाविलगडच्या डोंगररांगेत आहे, तिच्या पायथ्याशी मोठा भूभ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेची बाजू खचली, आणि त्या खळग्यात पूर्णेने गाळ भरला. तोच आजचा खारपाणपट्टा. काळा पाषाण तिथेही आहे, पण शेकडो मीटर गाळाखाली.