ज्येष्ठांच्या आठवणी : दैनंदिन जीवनाच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :

घरातील वृद्ध मंडळी ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे म्हणू लागली की ऐकणाऱ्यांचे लक्ष बहुधा दुसरीकडे वळते. हा वार्धक्याचा स्वभावविशेष आहे, असे मानून आपण ते बोलणे सोडून देतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली या समजुतीस आव्हान दिले. उतारवयात गतायुष्याकडे वळून पाहणे ही स्वाभाविक मानसिक प्रक्रिया असून ते बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण नव्हे, असे त्यांनी प्रतिपादन केले. वृद्धांच्या दृष्टीने या आठवणींचे मोल त्यातून स्पष्ट झाले. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे मोल काय आणि त्या कशा ऐकाव्यात, याचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सनावळी व स्मरण :

ज्येष्ठांना सन सांगता येत नाही, हा त्यांच्या आठवणींवरील पहिला आक्षेप असतो. परंतु सन न सांगणारी व्यक्ती काळ सांगत नाही, असे नाही. पुण्यात ‘पानशेतच्या पुराआधी’, साताऱ्याकडे ‘कोयनेच्या भूकंपानंतर’, मराठवाड्यात ‘बहात्तरच्या दुष्काळात’ किंवा ‘किल्लारीच्या वर्षी’ असे उल्लेख सहज येतात. या घटनांचे काळ निश्चित आहेत : पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला. ‘थोरला मुलगा पाळण्यात होता तेव्हा मिलो खाल्ला’ हे विधान आपल्याला थेट दुष्काळाच्या वर्षापाशी नेते. कारण शिधावाटपातील ही लाल परदेशी ज्वारी, दुष्काळी कामांवरील सुकडी आणि खडी फोडण्याचे काम ही त्या काळाची ओळखचिन्हे आहेत. अशा घटनांची यादी जवळ ठेवल्यास बहुतेक आठवणींचा काळ बऱ्याच अंशी ठरविता येतो.

‘स्वस्ताई’चे गणित :

दुसरा प्रश्न किमतींचा. ‘तेव्हा दोन पैशांत भाजी यायची’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. पण हे दोन पैसे कोणते? १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे व ६४ पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळून केवळ ‘पैसा’ उरला. जुना एक पैसा म्हणजे सुमारे दीड नवा पैसा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे होत असल्याने सुट्या व्यवहारात अपूर्णांकाचा घोळ होई. शब्द एकच, मूल्य निराळे; म्हणून आठवण कोणत्या सालाच्या अलीकडची की पलीकडची, हे आधी पाहावे लागते.

मापांचेही तसेच आहे. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही धान्य मोजण्याची मापे आकारमानाची होती. चार शेरांची एक पायली होई; परंतु पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे भरत नाही. वजनी शेर हे आणखी वेगळे परिमाण. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा असला तरी शेर सर्वत्र ८० तोळ्यांचाच होता असे नाही. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने व मापे आली. त्यामुळे जुना पायलीचा भाव आजच्या किलोच्या भावाशी थेट ताडून पाहणे सदोष ठरते.

याहून महत्त्वाची बाब मजुरीची आहे. ‘आजी, भाव काय होता?’ एवढे विचारून न थांबता ‘तेव्हा दिवसभर राबल्यावर पदरात काय पडायचे?’ असे विचारले की उत्तराची दिशा बदलते. शेतमजुरी व बलुते अनेक ठिकाणी धान्याच्या रूपात मिळे आणि रोख रक्कम क्वचित हाती येई. ज्याच्या गाठीस पैसाच नाही त्याच्या दृष्टीने स्वस्ताईचा अर्थ मर्यादित होता. ‘सगळे स्वस्त होते’ या वाक्यात बोलणाऱ्याचे घरातील व गावातील स्थान दडलेले असते.

जाते व गिरणी :

पहाटे उठून जात्यावर दळणे हे पिढ्यान्पिढ्या स्त्रियांचे काम होते. तेलाच्या इंजिनावर व पुढे विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव आली आणि हे कष्ट सरले. या बदलाविषयी वृद्ध स्त्रिया बोलतात तेव्हा दोन भाव एकत्र येतात. हाताला पडलेले घट्टे आणि अपुरी झोप आठवून ‘सुटलो बाई’ असे त्या म्हणतात. त्याच बैठकीत जात्यावरच्या ओव्या आठवून हळहळतातही. यात विसंगती नाही. जाते हे कष्टाचे साधन होते, तसेच माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल यांविषयी मोकळेपणी बोलण्याची ती जागाही होती. गिरणीने कष्ट नेले आणि त्यांसोबत ती जागाही नेली.

गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसमवेत १९८० च्या दशकापासून अशा ओव्या गोळा केल्या. संकलित ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. हे काम आणखी एक पिढी लांबले असते, तर त्यांतील किती ओव्या हाती लागल्या असत्या, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

चूक व मौन :

आठवणीत चुका असतात, हे मान्य करावयास हवे. मात्र चूकही बोलकी असते. इटलीतील तेर्नी येथे लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनांच्या वेळी मारला गेला. पुढे अनेक कामगार तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरोधी संघर्षातील म्हणून सांगत. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीतूनच त्या समाजास कोणती घटना अधिक जिव्हारी लागली होती, हे दाखवून दिले.

मौनाचेही असेच आहे. ‘गाव एकोप्याने राहत असे’ असे सांगणाऱ्या आजोबांना ‘आबा, पाणी कोणत्या विहिरीचे भरायचे आणि तिथे कोणाला येता येत नसे?’ असे आदराने विचारले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. तरीही पाणवठ्यावरील भेद त्यानंतर अनुभवलेली माणसे हयात आहेत. एकाच गावातील आठवणी वेगवेगळ्या वस्त्यांत, तसेच पुरुष व स्त्रिया यांच्याकडून स्वतंत्रपणे ऐकल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही.

निष्कर्ष :

ज्येष्ठांच्या आठवणी दप्तरातील नोंदींना पर्याय नाहीत. भाव, तारीख, आकडा यांसाठी दप्तर पाहावे. तो भाव कोणाला परवडत होता, ते काम कोण करीत होते आणि ते थांबल्यावर काय वाटले, यासाठी माणसाकडे जावे. १९५७ साली पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती आज ऐंशीच्या पुढे आहे. आणे मोजलेले, पायलीने धान्य मापलेले आणि जात्यावर दळलेले हात आता थोडे उरले आहेत. महाविद्यालयांत ग्रामीण भागातून येणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतील अनेकांच्या घरी अशी एखादी व्यक्ती आहे. प्रकल्पकार्यासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यास प्राध्यापकांनी प्रथम तिच्याकडे पाठवावे. संमती घेऊन, तिच्याच बोलीत, शब्द न ‘सुधारता’ नोंद करावी आणि तिची एक प्रत त्या घरी द्यावी. यास फारसा खर्च येत नाही. मात्र विलंब झाल्यास हे साधन पुन्हा मिळणार नाही.