टेलिफोन डिरेक्टरीने तारलेलं वेब

इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण दोघांच्या वयात वीसेक वर्षांचं अंतर आहे. अमेरिकेत इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरून पहिला संदेश गेला तो १९६९ साली. ईमेल, फायलींची देवाणघेवाण हे सगळं सत्तरच्या दशकातच सुरू झालं होतं. वेब आलं ते पुष्कळ नंतर, आणि तेही जीनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

सर्नमध्ये माणसं टिकत नसत. देशोदेशीचे शास्त्रज्ञ दोन-दोन वर्षांसाठी येत, प्रयोग उभा करत आणि निघून जात. कुठला प्रोग्राम कोणी लिहिला, कुठलं यंत्र कशाला जोडलंय, ही माहिती बहुधा त्यांच्या डोक्यातच राही आणि त्यांच्याबरोबरच जाई. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश प्रोग्रामरने मार्च १९८९मध्ये यावर उपाय सुचवणारं टिपण, म्हणजेच वेबचा पहिला आराखडा, साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी, म्हणजे माइक सेंडल यांनी, त्यावर शेरा मारला : मोघम आहे, पण रोमांचक. मंजुरी नाही, नकारही नाही! कचेरीत हयात घालवलेल्या कोणालाही असे शेरे नवे नाहीत. पण पुढच्याच वर्षी नेक्स्ट कंपनीचा महागडा संगणक घ्यायला परवानगी दिली ती याच सेंडल यांनी. १९९०च्या अखेरीस त्या संगणकावर जगातला पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू झाला. कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका.

अडचण अशी की नेक्स्टचा संगणक फारच थोड्यांकडे होता. मग निकोला पेलो या इंग्लंडहून आलेल्या विद्यार्थिनीने कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहिला. त्यात चित्रं नव्हती, माउस नव्हता. मजकुरातल्या दुव्यांपुढे चौकटी कंसात आकडे यायचे. हवा तो आकडा टाइप करून एंटर दाबलं की पुढचं पान.

एवढं होऊनही सर्नमधल्या शास्त्रज्ञांना या खटाटोपात फारसा रस नव्हता. त्यांना खरी गरज होती फोन नंबरांची. सर्नची डिरेक्टरी मेनफ्रेम संगणकात होती आणि केवळ नंबर शोधता यावेत म्हणून कित्येकजण एक टर्मिनल कायम मेनफ्रेमला जोडून ठेवत. डिरेक्टरी सांभाळणारे बर्न्ड पोलरमन आणि बर्नर्स-ली यांनी मिळून ती वेबवर आणली. बऱ्याच जणांच्या लेखी वेब म्हणजे नंबर शोधायचं एक बरं साधन, इतकंच. पण त्या निमित्ताने ब्राउझर त्यांच्या संगणकावर आला, ही बाजी बर्नर्स-लीने मारली. डिसेंबर १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर सुरू झाला, तोही अशाच रोजच्या गरजेपोटी : भौतिकशास्त्रातल्या शोधनिबंधांची सूची तिथे शोधता येई.

तरीही बाजारात तेव्हा जोर होता गोफरचा. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली तयार झालेली ही पद्धत वापरायला सोपी होती : मेन्यूमागून मेन्यू उघडत जायचं. वेबपेक्षा गोफरचा प्रसार कितीतरी जास्त होता. मात्र १९९३च्या सुरुवातीला विद्यापीठाने काही वापरकर्त्यांकडून सर्व्हरसाठी शुल्क घेण्याचं ठरवलं. रक्कम किती हा मुद्दाच नव्हता. उद्या आपल्यालाही पैसे भरावे लागतील, ही धास्ती पुरेशी होती. कंपन्यांनी हात आखडता घेतला.

बर्नर्स-ली आणि त्याचा बेल्जियन सहकारी रॉबर्ट कायो यांनी वेब सर्वांना मोफत खुलं करा, असा सर्नच्या वरिष्ठांकडे आधीच लकडा लावला होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नच्या दोन संचालकांनी एका कागदावर सही करून वेबच्या मूळ प्रोग्रामवरचा हक्क सोडला. आता कोणीही तो घ्यावा, बदलावा, विकावा. परवानगी नको की पैसे नकोत. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा ब्राउझर आला. त्यात मजकुराच्या जोडीला त्याच पानावर चित्रंही दिसत. पुढच्या वर्षभरातच वेबने गोफरला मागे टाकलं.