छातीवरचा कान

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ पाहताना कॅमेरा कुठे उभा आहे याकडे एकदा मुद्दाम लक्ष द्या. तो बहुतेक वेळ लांबच असतो. न्यायाधीश, वकील, बाकावरची माणसं, दारातला पोलीस, सगळे एकाच चौकटीत आणि कॅमेरा जागचा हलत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात शाहीर नारायण कांबळे उभा. ही भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. ते पेशानं नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. २०१५ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं साथीदार गेले. त्यांच्या थोड्याशा खरखरीत, घाई नसलेल्या बोलण्याचा ठसा मात्र पडद्यावर राहिला आहे.

कॅमेरा इतका लांब असताना असं बोलणं टिपायचं कसं? आता थोडं गणित. बोलणारा माणूस कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर आहे आणि माईक कॅमेऱ्यावरच बसवलाय असं धरू. त्याऐवजी तोच माईक ओठांपासून वीस सेंटिमीटरवर, छातीवर लावला, तर अंतर तीसपट कमी झालं. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गानुसार बदलते, म्हणजे थेट पोचणारा आवाज नऊशेपट वाढला! गंमत पुढेच आहे. खोलीतल्या पंख्याची घरघर दोन्ही जागी जवळपास तेवढीच राहते. माईक कानानं कितीही तिखट असो, आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण ठरतं ते तो कुठे बसलाय यावर.

एरवी हे काम बूम करतो. लांब काठीच्या टोकाला माईक, आणि ती काठी नटांच्या डोक्यावर धरून उभा असलेला, खांदे भरून आलेला माणूस. चौकट मोठी झाली की बूम दिसायला लागतो, म्हणून वर सरकतो. वर सरकला की ऐकू कमी येतं. अशा वेळी कपड्यांत दडवलेला लेपल माईक कामी येतो.

माईक लपवण्याची कसरत आपल्याकडे बोलपटाइतकीच जुनी. १९३१ सालच्या ‘आलम आरा’चं चित्रीकरण स्टुडिओजवळच्या रेल्वेरुळांमुळे बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर चाले आणि माईक नटांच्या आसपास दडवलेले असत. पुढे कॅमेरे हलके झाले, बाहेर पडले आणि घरघर करू लागले; मग आपण कित्येक दशकं सरळ डबिंग करून मोकळे झालो. २००१ मध्ये आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’नं कच्छच्या उघड्या माळावर सिंक साऊंड, म्हणजे जागच्या जागी संवाद टिपण्याचं धाडस केलं आणि नकुल कामटे व एच. श्रीधर यांना ध्वनीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नट नसलेल्या माणसांसाठी सिंक साऊंडचं मोल वेगळंच. कसलेला नट तीन महिन्यांनी स्टुडिओत उभा राहून तोच राग पुन्हा आणू शकतो. नागराज मंजुळेंनी ‘झुंड’साठी (२०२२) नागपूरच्या वस्त्यांतली पोरं घेतली, तशा पोरांना बंद खोलीत ओठ जुळवत “काय करून राहिला बे” म्हणायला लावा; तो ‘बे’ सपाट होणार. मैदानावर बोलताना वाक्याच्या शेवटी हनुवटी खाली जाते, आवाज घसरतो आणि सगळी लज्जत त्या घसरणीत असते. छातीवरच्या माईकला ती आयतीच सापडते, कारण हनुवटी त्याच्याकडेच झुकते.

हा माईक ज्वारीच्या दाण्याएवढा, चार मिलिमीटरचा. काही तर तीनच मिलिमीटरचे. इतक्या लहान जागेत माईक मावतो कसा? कंडेन्सर माईकमध्ये एक ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागे एक पट्टी असते. त्यांच्यात विद्युतभार ठेवला, की पडदा थरथरताच मधलं अंतर बदलतं आणि तसतसं व्होल्टेज बदलतं. हा भार टिकवायला पूर्वी बाहेरून चढा वीजदाब द्यावा लागे. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यातच विद्युतभार कायमचा गोठवला. एकदा भरला की तो वर्षानुवर्षं तिथंच! बाहेरून लागते ती आतल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरपुरती किंचित वीज. या शोधानं मला आजही थक्क व्हायला होतं.

पण छाती ही ऐकायची जागा नव्हे. समोर बसून कुणी कुणाचं बोलणं गळ्याखालून ऐकत नाही. छातीच्या पोकळीमुळे सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, तर हनुवटीच्या आडोशामुळे तीन-चार हजार हर्ट्झचा भाग पडतो. स, च, ट ही व्यंजनं उमटतात ती नेमकी तिथं. मान डावीकडे वळवली की आवाज बुजतो. शिवाय कपडे! सुती सदरा निमूट असतो. पॉलिस्टर आणि खळ घातलेली साडी कुरकुरते आणि मंगळसूत्राचे मणी माईकवर टिचकी मारतात. म्हणून ध्वनिपथकाची मंडळी वेशभूषावाल्यांच्या आधी जागी असतात, मऊ चिकटपट्ट्या कापत, तारेला छोटासा वळसा देऊन ठेवत, म्हणजे तार ओढली तरी हिसका माईकपर्यंत जात नाही.

त्यात मे महिन्यातलं नागपूर. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की चिकटपट्टी घामानं सुटते आणि ओल माईकच्या जाळीत शिरते. माईकचा आवाज रेडिओनं पाठवणाऱ्या कमरेच्या ट्रान्समीटरला घामापासून वाचवायला जगभरचे ध्वनिवाले कोरडे, तेल नसलेले निरोध वापरतात. दुकानदार डझनभर देताना काय समजत असेल ते असो. आणि कूलर! उन्हाळ्यात या शहरात घराघरातून त्याचा घों-घों चालू. टेक सुरू होताना तो बंद करावा लागतो, म्हणजे नट आणखी घामाघूम. छातीवरचा माईक सेटवरच्या कूलरला पुरून उरेलही, पण शेजारच्या गच्चीवरच्या चार कूलरांना कोण सांगणार?

रॉबर्ट ऑल्टमननं ‘नॅशविल’मध्ये (१९७५) बऱ्याच नटांना एकाच वेळी रेडिओ माईक लावून प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला, त्यामुळे एकमेकांच्या बोलण्यात घुसणारी माणसं पुढे वेगळी काढता आली. मात्र दोन माईकवाले मिठी मारतात तेव्हा पंचाईत होते. एकाचा आवाज दोन्ही माईकमध्ये किंचित पुढेमागे पोचतो, काही स्वर एकमेकांना खातात आणि बोलणं पोकळ वाटतं. मिक्सरवाला पटकन एक माईक खाली ओढतो.

हेच बूम आणि लेपल मिसळताना घडतं. बूम तोंडापासून एक मीटरवर असेल, तर तिथे आवाज छातीपेक्षा दोन मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशिरा पोचतो. संकलनाच्या टेबलावर तेवढं सरकवलं, की लेपलच्या स्पष्टपणाला बूमकडून खोलीची हवा मिळते आणि कोर्ट पुन्हा कोर्टाएवढं वाटतं. मला विचाराल तर ती हवा थोडी जास्तच ठेवावी. प्रत्येक पात्र कानाशी बोलणाऱ्या मालिका अर्ध्या तासात कान शिणवतात.