शेतातल्या पेंढ्यातून नाताळची भेटकार्डे



सरदाचे भात कापून, मळून घरात आले आहे. पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आहेत. वायंगणाच्या तयारीला अजून थोडा अवकाश आहे आणि आगमनकाळ तोंडावर आला आहे. या दिवसांत घरातील मुलांना व म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून करण्याजोगे एक काम आम्ही या पानावर सांगणार आहोत. ते काम म्हणजे हाताने भेटकार्ड तयार करणे.

शेतीच्या व आरोग्याच्या पानावर भेटकार्ड कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आगमनकाळात आपल्या युवक-युवतींनी आजाऱ्यांसाठी आणि घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी कार्डे केली. घाई आमचीच होती. पाने जेमतेम चार दिवस दाबून ठेवली होती. खळ ओली असतानाच कार्डे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली आणि वाटली. पुढे ख्रिस्तप्रसाद घेऊन एका वृद्ध बाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी उशीखालून ते कार्ड काढून दाखवले. पान काळे पडले होते आणि कागदावर हिरवट बुरशी चढली होती. बाईंना दम्याचा विकार आहे. आम्ही म्हटले, "हे टाकून द्यायचे होते." त्या म्हणाल्या, "फादर, वास येतो खरा, पण त्याच्यावर माझे नाव लिहिले आहे ना? टाकवत नाही." आम्ही ते कार्ड मागून घेतले, त्यांच्याच अंगणात बसून कोऱ्या कागदावर त्यांचे नाव पुन्हा लिहिले आणि ते त्यांच्या हाती दिले.

या प्रसंगाने आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की आपण जे सहज लिहितो ते एखाद्याच्या उशाशी महिनोन् महिने राहते. दुसरी अशी, की चांगल्या हेतूने दिलेली वस्तू नीट केलेली नसेल तर तीच अपाय करते. म्हणून हे काम कसे करावे ते यंदा व्यवस्थित सांगत आहोत.

थोडी पूर्वपीठिका

नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाच्या एका गृहस्थांना सर्व स्नेह्यांना वेगवेगळी पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. म्हणून त्यांनी जे. सी. हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि ते छापले. म्हणजे छापील कार्डाचा जन्मच वेळेच्या टंचाईतून झाला. हाताने केलेल्या कार्डाचे उलट आहे. ते ज्याला मिळते त्याला आपला अर्धा तास मिळतो.

हातकार्डाची कला आपल्या भागाला परकी नाही. पेडणे-डिचोलीच्या सीमेपलीकडे सावंतवाडीत गंजिफा तयार होतात. दशावतारी गंजिफेच्या एका डावात १२० गोल पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला असतो. कागदाचे थर खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात फिरवायचा, अशी ही मेहनत आहे. पत्ता पुरता वाळल्याशिवाय ते कारागीर पुढचा हात लावत नाहीत. नवशिक्याने त्यांच्याकडून घ्यायचा पहिला धडा हाच.

कागद कोणता घ्यावा

कागदाची जाडी 'जीएसएम'मध्ये मोजतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते, हा तो आकडा. वहीचा किंवा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएम असतो. तो कार्डाला पुरत नाही, उभे ठेवले की वाकतो. २०० ते २५० जीएसएमचा कार्डपेपर घ्यावा. हातकागद मिळाला तर उत्तमच. हातकागद बहुधा सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या कामात आहे.

ए-फोर आकाराचा कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दुमडला की सुमारे साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचे कार्ड मिळते. २५० जीएसएमचा पूर्ण ताव साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एक कार्ड आठ ग्रॅमचे होते. साध्या पत्राच्या टपालहशिलाची पहिली पायरी वीस ग्रॅमची आहे. पाकीट आणि सजावट धरूनही आपले कार्ड त्यात बसते. सजावट मात्र चपटी असावी. जाड गाठी व मणी टपालात चेपतात आणि पाकीट फाडतात.

दुमडण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेला तो सहज वाकतो त्याच दिशेला घडी घालावी. उलट दिशेची घडी फाटल्यासारखी खरबरीत दिसते. घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी, मग दुमडून चमच्याच्या पाठीने घासावे. घडी सरळ बसते.

इतर सामान

लोखंडी पट्टी, कात्री, पेन्सिल, कागद कापण्याचा कटर, एक मऊ ब्रश, जुनी वर्तमानपत्रे आणि दाबण्यासाठी जड वस्तू एवढे पुरे. पाट्यावरचा वरवंटा किंवा धुतलेले दोन चिरेही चालतात. कटर मोठ्यांनीच चालवावा आणि कापताना खाली जाड पुठ्ठा ठेवावा. पाते आपल्या अंगाकडे ओढू नये व पट्टी धरलेली बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत.

बाजारातली सुटी चमकी आम्ही सुचवत नाही. ती प्लॅस्टिकची असते, मुलांच्या डोळ्यांत जाते आणि शेवटी अंगणातून शेतात येते. घरात उरलेला जुना तैलरंगही वापरू नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात शिसे किती आहे ते सांगता येत नाही, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे.

खळ

एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण घट्ट व किंचित पारदर्शक झाले की उतरावे. चिंचोक्याची खळ अधिक चिवट असते. चिंचोके भाजून टरफल काढावे, रात्रभर भिजवावे, वाटावे, पाण्यात शिजवून फडक्याने गाळून घ्यावे.

कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे काही जण खळीत मोरचूद घालत. आपण तसे करू नये. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करताना जो मोरचूद आपण चुन्याबरोबर वापरतो तोच हा. तो पोटात गेल्यास विष आहे, आणि मुले खळीची बोटे तोंडात घालतात. त्यापेक्षा खळ थोडी करावी, दोन दिवसांत संपवावी आणि आंबूस वास येताच फेकावी. पेंढ्यासाठी बाजारातील फेव्हिकॉल अधिक चांगला, कारण त्यात पाणी कमी असते.

पेंढा, पाने आणि केळीचे सोपट

पेंढा: सोनेरी, कोरडा, डाग नसलेला पेंढा निवडावा. उडवीच्या बुडाचा काळपट, कुबट पेंढा मुळीच घेऊ नये. बुरशीच्या पेंढ्याची धूळ वारंवार छातीत गेल्याने शेतकऱ्यांना फुप्फुसाचा एक आजार होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. गुरांना चारा घालतानाही तोंडाला फडके बांधणे बरे. निवडलेल्या काड्यांची पेरे कापून टाकावीत. मधले तुकडे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावेत, नखाने किंवा बोथट सुरीने उभे चिरून उलगडावेत. वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की काडीची चकचकीत पट्टी होते. इस्त्री थोडी अधिक वेळ ठेवली तर पट्टी तपकिरी होते. अशा दोन छटा रंगाशिवाय मिळतात.

पाने व फुले: पातळ पाने घ्यावीत. नेचा, लाजाळू, शेवग्याची पाने चांगली. दव उडून गेल्यावर तोडावीत, वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून दाबावीत. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावा. पुरी दोन आठवडे वाट पाहावी. पान गालाला लावून गार लागले तर ते अजून ओले आहे असे समजावे. आम्ही चुकलो ते इथेच.

पिंपळाच्या पानाची जाळी करायची असेल तर पाने तीन-चार आठवडे पाण्यात कुजवून मऊ ब्रशाने गर काढतात. त्या भांड्यावर घट्ट झाकण असावे आणि पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे. उघड्या साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात. कार्डापायी घरात ताप आणू नये.

केळीचे सोपट: घड उतरवल्यावर खुंट आडवा पडतो. त्याचे बाहेरचे सोपट पट्ट्यांत कापावे, फळीवर ठेवून बोथट सुरीने गर खरवडावा. आतले पांढरे धागे धुऊन सावलीत वाळवावेत. कार्डाच्या घडीवर बांधायला ही दोरी सुरेख दिसते. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत, म्हणून जुने कपडे घालावेत.

पहिले कार्ड: बेथलेहेमचा तारा

पेंढ्याच्या सहा सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या घ्याव्यात आणि टोके तिरकी कापावीत. दोन पट्ट्यांचा क्रूस कार्डाच्या वरच्या भागात चिकटवावा. उरलेल्या दोन त्यावर तिरक्या लावाव्यात. आठ टोकांचा तारा तयार होतो. मध्यभागी लाल कागदाची लहान टिकली लावावी. खाली तपकिरी पट्ट्यांच्या तुकड्यांनी गोठ्याचे छप्पर करावे. एवढेच. नवशिक्याने पहिल्या कार्डावर आणखी काही लावू नये.

मग कार्ड कोऱ्या कागदांत ठेवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस हवेशीर जागी सावलीत उभे करून ठेवावे. पाकिटात त्यानंतरच घालावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच घालू नये. पाकीट जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे करता येते. ते कार्डापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे असावे आणि पत्त्यासाठी वर पांढरा तुकडा चिकटवावा.

आत काय लिहावे

सजावट कमी असली तरी चालेल, पण आत माणसाचे नाव हवे आणि त्याच्याविषयीचे निदान एक वाक्य हवे. "तुमच्या परसातल्या फणसाची आठवण येते," एवढे पुरे. वृद्धांसाठी अक्षर ठळक व काळ्या शाईत काढावे. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्या मुलांना फोन रोज होत असेल, तरी आईच्या हातचा कागद वेगळाच. तो महिनाभर आधी टाकावा. शेजारच्या हिंदू घरांनाही द्यावे. त्यांच्या चवथीचा नैवेद्य आपल्या दारी येतो, आपल्या नेवऱ्यांबरोबर एक कार्ड त्यांच्या दारी जावे.

विकण्याचा विचार कोणी करीत असल्यास आधी दहा कार्डे करून पाहावीत, सामानाचा खर्च व लागलेले तास वहीत मांडावेत, मगच किंमत ठरवावी. घाईने कर्ज काढून सामान भरू नये.

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तयार कार्डे मिस्सेनंतर आमच्याकडे आणून द्यावीत. प्रत्येक कार्ड आम्ही नाकाशी धरून पाहणार आहोत. कुबट वास आला तर परत करू, राग मानू नये. आजाऱ्यांची नावे आम्ही देऊ, वाटायला मात्र ज्याने केले त्यानेच जावे.

बाळ येशूला पहिले अंथरूण गोठ्यातल्या गवाणीचे मिळाले. आपल्या उडवीतली एक काडी या नाताळात कोणाच्या तरी उशाशी पोहोचो, आणि ती कोरडी, स्वच्छ पोहोचो.

प्रभूची कृपा तुम्हा सर्वांवर असो.