ध्रुव दिसत नाही, पण अरुंधती दिसते

लग्नात सप्तपदीनंतर वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याचा विधी आहे. ध्रुवासारखे अढळ राहावे, आणि वसिष्ठांच्या शेजारी अरुंधती असते तशी संसारात साथ द्यावी, असा त्याचा भाव. हा संस्कार आपल्या आजे-पणज्यांनी कोकणातून आणि घाटावरून बरोबर आणला. पण मॉरिशसच्या आकाशात ध्रुव कधीच उगवत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

याचे कारण सोपे आहे. ध्रुव तारा पृथ्वीच्या उत्तर टोकावर आहे. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंशांवर, म्हणून तिथे ध्रुव क्षितिजावर तेवढाच वर दिसतो. आपले बेट दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. म्हणून आपला ध्रुव उत्तरेच्या समुद्राखाली तितकाच खोल बुडालेला असतो. १८३४ पासून ज्या जहाजांनी आपली माणसे इकडे आणली, त्या जहाजांवरून ध्रुव रोज थोडा थोडा खाली गेला असेल आणि विषुववृत्त ओलांडताच दिसेनासा झाला असेल.

मग अरुंधतीचे काय? वाचकहो, अरुंधती इथून दिसते. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास, उत्तरेला समुद्र मोकळा दिसेल अशा किनाऱ्यावर उभे राहावे. हात पूर्ण लांब करून मूठ आकाशाकडे धरली की ती सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून एक-दीड मूठ वर सप्तर्षी पालथे पसरलेले दिसतील. क्रतू आणि पुलह हे दोन तारे चौकोनाच्या डाव्या टोकाला, आणि उजवीकडे शेपटीतले अंगिरस, वसिष्ठ, मरीची. यांपैकी मधल्या वसिष्ठाकडे नीट पाहावे. त्याला अगदी चिकटून एक अंधुक तारका आहे, तीच अरुंधती. आधी मोठा तारा दाखवायचा आणि मग त्याच्या आधाराने लहान तारका, यालाच आपल्या शास्त्रकारांनी अरुंधती-दर्शन-न्याय म्हटले आहे. क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेषा खाली वाढवली, तर ती पाण्याखालच्या ध्रुवाकडे जाते.

आता पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहावे. त्याच वेळी पाच मुठी उंचीवर चार तेजस्वी ताऱ्यांचा क्रूस दिसेल. शाळेत मुले त्याला क्र्वा द्यू स्यूद म्हणतात, मराठीत तो त्रिशंकू. स्वर्गात जागा मिळाली नाही आणि पृथ्वीवरही परत येता आले नाही, असा हा राजा. रत्नागिरीत तो क्षितिजावर जेमतेम मूठ-सव्वा मूठ वर येतो, आपल्याकडे मात्र दिमाखात उभा असतो. त्याचा लांब दांडा साडेचार पट खाली वाढवला की आकाशाचे दक्षिण टोक सापडते, क्षितिजापासून दोन मुठी वर. तिथे डोळ्यांत भरेल असा एकही तारा नाही. आपल्या अढळपदाची जागा रिकामी आहे, ती त्रिशंकूवरून मोजून काढावी लागते.

जुन्या ओळखीचे तारे इथे वेगळ्या जागी भेटतात. मृग नक्षत्र पाहायला आपल्याला उत्तरेकडे तोंड करावे लागते, म्हणून ते उलटे दिसते. सात-आठ जूनला सूर्य मृगात गेला की कोकणातला शेतकरी पावसाची वाट पाहतो, आपल्याकडे तेव्हा हिवाळा असतो आणि ऊसतोडणी जवळ आलेली असते. जुलै-ऑगस्टच्या रात्री वृश्चिकातली ज्येष्ठा जवळजवळ डोक्यावर येते आणि आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भागही.

महाशिवरात्रीची रात्र तर ताऱ्यांसाठी फार चांगली. कृष्ण चतुर्दशीचा चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही. गंगा तलावाच्या वाटेवर ढग नसतील तर डोक्यावर व्याध चमकत असतो, आणि दक्षिणेला जवळजवळ सहा मुठी उंच अगस्त्य. रत्नागिरीत हाच अगस्त्य फक्त दोन मुठी वर येतो. विंध्य पर्वताला वाकवून अगस्त्य मुनी दक्षिणेला गेले आणि परत आले नाहीत, ही कथा घराघरांत सांगितली जाते. पाच वर्षांच्या करारावर आलेले आपले कितीतरी पूर्वजही परत गेले नाहीत. म्हणून हा तारा आम्हाला विशेष आपला वाटतो.

जगातल्या ज्योतिर्विदांनी हे आकाश पूर्वीच ओळखले होते. दक्षिणेकडच्या ताऱ्यांची मोजणी करणारे फ्रेंच ज्योतिर्विद लाकाय १७५३ मध्ये या बेटावर आले. १८७४ मध्ये सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना पाहण्यासाठी लॉर्ड लिंडसे आणि डेव्हिड गिल यांनी बेलमाँ येथे दुर्बिणी लावल्या, तेव्हा आपले लोक उसाच्या मळ्यांत राबत होते. आणि १९९२ मध्ये ब्रा द'ओ येथे मॉरिशस विद्यापीठ आणि भारतातल्या दोन संशोधन संस्थांनी मिळून दोन किलोमीटर लांबीच्या रांगेची रेडिओ दुर्बीण उभारली.

आपल्याला एवढा खर्च करायला नको. पंचांगात अमावास्या पाहावी. क्युरपीप आणि व्हाक्वाकडे ढग जास्त, त्यामुळे दक्षिणेकडचे तारे पाहायला कास्कावेल, ब्लॅक रिव्हर, ल मॉर्न असा पश्चिमेचा कोरडा भाग बरा. बॅटरीवर लाल कागद लावावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी अर्धा तास द्यावा. साधी द्विनेत्री दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

आपली मुले ताऱ्यांची नावे इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांतून शिकतात, ते चांगलेच आहे. पण वसिष्ठ, अगस्त्य, त्रिशंकू ही नावे आजीबरोबर संपली, तर लग्नातला तो विधी नुसता हातवारा उरेल. म्हणून आमचे सर्व बैठकांना आणि मंडळांना सांगणे आहे की, मे महिन्याच्या अमावास्येला मुलांना घेऊन एकदा उत्तर किनाऱ्यावर जावे. ध्रुव तिथे नाही, हे मुलांना खरे सांगावे. आणि अरुंधती मात्र बोटाने दाखवावी.